तीन पुरुष खाली

निसर्गात गेलं की मन हलकं होतं म्हणतात. माझं होत नाही. नदीवर गेले की मला आधी निर्माल्याच्या पिशव्या दिसतात, आणि गावी सड्यावर गेले की खाण. त्यामुळे निसर्गाशी असलेलं नातं, त्यातून उमटलेली कलाकृती असं कुणी बोलायला लागलं की मी जरा सावधच होते. हे नातं गोड असणार, असं बोलणाऱ्यानं आधीच ठरवून टाकलेलं असतं. घरातली नाती तरी कुठे सगळी गोड असतात?

हल्ली समुद्रकिनाऱ्यावर दगडावर दगड रचून ठेवायची टूम निघाली आहे. पाच-सात गुळगुळीत धोंडे, मागे मावळता सूर्य, आणि खाली काहीतरी शांततेबद्दल लिहिलेलं. त्या प्रत्येक धोंड्याखाली कुणीतरी राहत असतं. आमच्याकडच्या खडकाळ किनाऱ्यावर एक दगड उलटून बघा, चार-दोन खेकडे तिरके पळतात, गोगलगायी चिकटलेल्या असतात, ओल धरून बसलेलं बरंच काही उन्हाला उघडं पडतं. ते परत झाकायची तसदी फोटो काढणारा घेत नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेले की पहिली अट हीच घालते: उचललेला दगड होता तसा, त्याच तोंडानं परत ठेवायचा. मुलांना ते कंटाळवाणं वाटतं. पण एखाद्या जागी काही करायचं तर ती जागा आधीपासून कामात गुंतलेली आहे, एवढं तरी कळायला हवं ना.

मला जिथे काही करावंसं वाटलं, ती जागा मात्र रिकामीच केलेली होती.

देवगडकडच्या आमच्या गावात घरामागचा चढ चढून गेलं की सडा लागतो. जांभ्याचा सपाट कातळ, उन्हाळ्यात काळपट आणि पावसात हिरवा. सातबाऱ्यावर ही वरकस जमीन. खाचखळग्यांत माती साठलेली असेल तिथे थोडं भात, थोडी नाचणी, बाकी गवत. पण आमचं खळं वर होतं, कारण वारा वर होता. माती आणून चोपलेलं, शेणानं सारवलेलं गोल खळं आणि मधोमध मेढ, म्हणजे खांब. भात झोडून झालं की आजी सूप उंच धरून वाऱ्यावर दाणे सोडायची आणि पोल, म्हणजे फोलपट, उडून पलीकडच्या कुंभ्याच्या झाडापर्यंत जायचं. एरवी त्याच कातळावर आमसुलं वाळत पडलेली असायची. जूनच्या पहिल्या सरींनंतर दीपकाडी उगवायची. कोकणच्या सड्यांवरच सापडणारं हे पांढरं फूल. थोडे दिवस दिसतं आणि नाहीसं होतं, कंद मात्र बोटभर मातीत पुढच्या जूनपर्यंत टिकून राहतो.

तिथे आता चिरेखाण आहे. होती म्हणायला हवं, कारण खाणीतला चांगला चिरा संपला आणि मशिनं पुढच्या सड्यावर गेली. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर नावांची ही लांबलचक रांग. रीतसर सगळ्यांच्या सह्या झाल्या, त्यात माझ्या बाबांचीही आहे. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. आमच्या घराची मागची पडवी ह्याच खाणीतल्या चिऱ्यांनी बांधली आहे. चिरा बांधकामाला उत्तम. जमिनीतून निघतो तेव्हा कापायला सोपा असतो आणि हवा लागली की कडक होत जातो. पूर्वी माणसं तो हातानं काढत. आता आधी डोझर येऊन वरची माती खरवडून टाकतो (दीपकाडी त्यातच जाते), मग रुळांवरून चालणारं गोल पात्याचं मशिन उभे-आडवे काप घेतं आणि बुडातून काप मारला की चिरे सुटे होतात. एक थर निघाला की खालचा. म्हणून खाणीच्या भिंतीवर पात्याच्या सरळ रेघा राहतात आणि थर मोजता येतात. आमची खाण साधारण तीन पुरुष, म्हणजे तीन माणसांच्या उंचीइतकी, खोल आहे. काटकोनात कापलेली, तांबडीलाल, आत उतरायला ट्रकनं पाडलेला उतार. पावसाळ्यात हिरवं पाणी भरतं, नंतर हळूहळू आटतं.

हे बघून मला काय वाटत होतं, ते मला नीट सांगता येत नव्हतं. दुःख म्हणावं तर खळ्यावर मळणी होऊन कितीतरी वर्षं झाली होती. खाण झाली नसती तरी तिथे गवतच असतं. रागावावं तर कुणावर? पडवीत खुर्ची टाकून चहा पिताना मी ज्या भिंतीला टेकते, ती भिंत म्हणजेच ते खळं आहे. मी त्या खाणीची चित्रं काढून पाहिली. तांबडा रंग, हिरवं पाणी, दोन्ही एकमेकांना असे काही उठाव देत होते की चित्र सुंदरच व्हायचं. मला सुंदर नको होतं.

त्या काळात मी अॅना मेंडिएटा ह्या कलावंताचं काम पुन्हा पाहत होते. 1948 साली हवानात जन्मलेली ही मुलगी 1961 मध्ये, बारा वर्षांची असताना, बहिणीबरोबर क्यूबाबाहेर अमेरिकेत पाठवली गेली. क्यूबातून आईवडलांविना धाडल्या गेलेल्या हजारो मुलांपैकी ह्या दोघी. आयोवात अनाथाश्रम आणि परक्या घरांत त्या वाढल्या. 1973 पासून पुढे ती आयोवात आणि मेक्सिकोत जमिनीवर आपल्या शरीराचा आकार उमटवत गेली. चिखलात, गवतात, बर्फात. कधी त्या आकारात फुलं भरली, कधी बंदुकीची दारू भरून पेटवली. 1976 मध्ये मेक्सिकोच्या ला व्हेंटोसाच्या किनाऱ्यावर तिनं वाळूत तो आकार खणला, लाल रंगानं भरला आणि लाटा येऊन तो धुऊन नेईपर्यंत फोटो काढले. 1981 साली तिला क्यूबात काम करायची संधी मिळाली. हवानाजवळच्या जारुको इथल्या चुनखडीच्या गुहांत तिनं बायकांच्या आकृत्या कोरल्या आणि त्यांना तिथल्या मूळ तैनो लोकांच्या देवतांची नावं दिली. 1985 साली न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतीवरून पडून ती गेली, तेव्हा छत्तीस वर्षांची होती.

तिच्या कामातलं मला काय धरून ठेवतं, तर ती स्वतःच्या हुरहुरीबद्दल काही बोलतच नाही. ती फक्त आपलं माप सोडून जाते. ह्या जमिनीवर माझी लांबी इतकी, रुंदी इतकी. पुढचं लाट आणि ऊन बघून घेतात. तिचे फोटो बघताना आपल्याला गलबलतं, पण कामात गलबलण्याची सोय कुठेही करून ठेवलेली नसते.

रिचर्ड लाँग ह्या इंग्रज कलावंताचं 1967 मधलं काम तर याहून कोरडं आहे. विद्यार्थी असताना तो लंडनहून रेल्वेनं निघाला, विल्टशरमधल्या एका कुरणात उतरला, एकाच रेषेत मागे-पुढे चालत राहिला आणि गवत दबून रेघ दिसायला लागली तेव्हा त्यानं फोटो काढला. एवढंच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले होते. आमच्या सड्यावर गुरांनी आणि गुराख्यांनी अशा कितीतरी रेघा काढून ठेवल्या आहेत, त्यांना कुठे कुणी संग्रहालयात बोलावलं? पण हाच लाँग पुढे डहाणूजवळच्या गंजाडला वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्याकडे आला, आणि 2003 साली जर्मनीत डसेलडॉर्फच्या संग्रहालयात दोघांचं एकत्र प्रदर्शन झालं, हे कळल्यावर माझं हसू जरा आवरलं. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. तो त्या घरासाठी, त्या लग्नासाठी असतो. लग्न लागलं की त्या भिंतीचं काम झालं. मशे यांनी ते चित्र कागदावर आणि कापडावर आणलं, रोज काढलं, बायकांची कला पुरुषानं हातात घेतली, आणि पुढे 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे मशे चित्र भिंतीवरून सोडवून बाहेर आणत होते आणि लाँग आपलं काम दिवाणखान्यातून काढून माळावर नेत होता. दोघं वाटेत भेटले असणार. त्या भेटीत काय बोलणं झालं असेल, कुठल्या भाषेत, याचं मला फार कुतूहल आहे.

आणि आमच्याच दगडावर तर याहून जुनं काम पडलेलं आहे. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर हत्तीची आकृती कोरलेली आहे, सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद, तिच्या पोटात आणखी कितीतरी लहान प्राणी आणि मासे. मालवण तालुक्यात कुडोपीला, रत्नागिरीजवळ उक्षीला, बारसूला, गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला अशी कातळशिल्पं आहेत. गुराख्यांना त्यांतली बरीचशी ठाऊक होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगावचे सडे पायांखाली घालत गेले तेव्हा त्यांची नोंद झाली. 2022 साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीला हत्तीच्या कडेला उभं राहिलं की हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेघा दिसतात. ज्यानं तो कोरला त्यालाही तो कधी पूर्ण दिसला नसणार, तिथे चढायला डोंगर नाही की झाड नाही. तरी सोंडेची रेघ कुठे वळवायची हे त्याला माहीत होतं. आकृतीची खोली किती, तर दोन-चार बोटं. त्याच जांभ्यात आम्ही तीन पुरुष खाली गेलो.

तिथे उभी असतानाच मला खाणीत काय करायचं ते सुचलं असं म्हणायला आवडलं असतं. तसं झालं नाही. सुचलं ते शेजारच्या तात्यांमुळे. खाणीच्या काठावर उभी राहून मी खाली बघत होते, तर तात्यांनी विचारलं, "खळां सोधतंस काय गो? खाली कित्याक बघतंस? खळां वर होता."

तात्यांना ते नेमकं कुठे होतं ते माहीत होतं. कुंभ्याचं झाड खाणीच्या काठावर अजून आहे, त्याच्यापासून वीस पावलं समुद्राकडे. म्हणजे आता खाणीच्या पोकळीत, मधोमध, हवेत. त्या हवेतल्या जागेवर खळ्याचा गोल टांगायचा, पूर्वीच्या जमिनीच्या उंचीला, मूळ मापाचा. पेंढा पिळून त्याचा जाड दोर करायचा, त्याचं वर्तुळ, आणि ते चारी बाजूंनी सुंभानं ताणून धरायचं. बाकी काही नाही. रंग नाही, फुलं नाहीत, पाटी नाही.

कागदावर हे फार सोपं दिसत होतं. पेंढ्याचा दोर चार सुंभांनी ताणला तर गोल होत नाही, चौकोन होतो. आठांनी ताणला तर अष्टकोन. गोल दिसायला लागला तो सोळा सुंभांनंतर, आणि तोवर माझे दोन्ही तळवे सोलवटून निघाले होते. नारळाच्या काथ्याचं सुंभ हाताला काय करतं, हे ज्यानं त्यानं अनुभवून बघावं. मग गोल झोळ द्यायला लागला. स्वतःच्या वजनानंच हातभर खाली आला. मी तंगूस आणायचा विचार करत होते, बारीक, पारदर्शक, न दिसणारं. मासेमारीच्या दुकानात शंभर रुपयांत काम झालं असतं. पण खाणीत पुढचं शतकभर न कुजणारं काही सोडायचं नव्हतं. शिवाय ताण दिसायला हवा होता. तो गोल तिथे आपोआप तरंगत नाहीये, कुणीतरी त्याला ओढून धरलंय, हे लपवायचं कशाला? तात्यांचा मुलगा गवंडीकाम करतो. तो पाणी भरलेली लेव्हलची नळी घेऊन आला आणि सरळ हिशोब मांडला: हातभर खाली येतंय ना, मग काठावरच्या पहारींना सुंभ हातभर वर बांधा. बांधलं. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, वारा पडतो आणि समुद्रावरचा वारा अजून सुटायचा असतो, तेवढ्या वेळात गोल स्थिर झाला आणि नळीतलं पाणी त्याच्या कडेशी जुळलं. जमीन इथपर्यंत होती.

काठावरून तो गोल काही विशेष वाटायचा नाही. पायाच्या पातळीला पेंढ्याची एक कडी. पण उतारावरून खाणीत उतरलं आणि वर पाहिलं की छातीत काहीतरी व्हायचं. आपण जमिनीखाली आहोत हे डोक्याला तोवर ठाऊक होतं, आता मानेला कळायचं. खळं आपल्या डोक्यावर होतं. आजी, मेढ, सुपातून पडणारं भात, ते सगळं वर चाललेलं असणार आणि आपण दगडाच्या आत उभे.

इथे मला रॉबर्ट मॉरिस ह्या अमेरिकन कलावंताबद्दल सांगितलं पाहिजे. खाणी आणि कला यांचं जुनं सूत आहे. रॉबर्ट स्मिथसननं 1970 साली अमेरिकेत युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये दगडमातीची 1500 फूट लांबीची सर्पिल वाट बांधली, ती सगळ्यांना ठाऊक असते. ट्रक आणि लोडर लावून हजारो टन बसाल्ट सरोवरात लोटला. मला ते काम आवडतं आणि त्यातला घरघराट आवडत नाही. आमच्या सड्यावर तीच यंत्रं आली होती. पण 1971 मध्ये त्यानं नेदरलँड्समध्ये एम्मेनजवळ एका वाळूच्या खाणीत काम केलं आणि त्यानंतर तो खाण कंपन्यांना पत्रं पाठवत राहिला, की तुमचं खोदून झालेली जागा कलावंतांना द्या. 1973 साली विमान अपघातात तो गेला. पुढे 1979 मध्ये सिएटलजवळ किंग काउंटीत सरकारनंच एक जुनी रेतीची खाण मॉरिसला दिली. त्यानं तिथे गवताच्या पायऱ्या केल्या आणि काठावर झाडांचे तोडलेले बुंधे काळे करून उभे ठेवले. त्याच वेळी त्यानं एक अडचणीचा प्रश्नही विचारला: कलावंतानं खणलेली जागा सुंदर करून द्यायची, म्हणजे खणणाऱ्याला पुढची जागा खणायला मोकळीक करून द्यायची का? उद्या कुणीही म्हणेल, खोदा खुशाल, नंतर आर्टिस्ट बोलावू.

मला ही भीती मॉरिसनं घातली नसती तर मी पेंढ्याच्या जागी झेंडू लावले असते, हे नक्की. खाणीत कार्यक्रम करावा, दिवे लावावेत, असं सुचवणारे भेटलेच. एकानं तर लग्नाआधीच्या फोटोंसाठी जागा किती छान आहे असं सांगितलं. न्यूयॉर्कमध्ये अॅग्नेस डेनेस ह्या कलावंतानं 1982 साली मॅनहॅटनच्या टोकाला दोन एकर गहू पेरला होता, वर्ल्ड ट्रेड सेंटर बांधताना निघालेल्या मातीदगडांच्या भरावावर, आणि ऑगस्टमध्ये खरोखर कापणी केली. जिथल्या एकेका फुटाला सोन्याचा भाव, तिथे गहू. तो बघणाऱ्याला आधी गोंधळायला होतं आणि मग अस्वस्थ. अशी अस्वस्थता पिकवणं मला जमेल असं नाही, पण निदान जखमेवर रांगोळी तरी घालू नये.

म्हणून मी त्या कामाला माप म्हणते. मन मोकळं करायला म्हणून गेले असते तर आजीच्या आठवणींचं काहीतरी करून आले असते, आणि ते खाणीत काय, घरातही चाललं असतं. तिथे हातात राहिलं ते एवढंच: व्यास अमुक, उंची अमुक, कुंभ्यापासून वीस पावलं. ते नीट जुळवता जुळवता जे वाटत होतं त्याला काहीतरी आकार आला. राग होता तो सुंभ ओढण्यात गेला. सहीचं जे होतं ते पडवीच्या भिंतीत आहे तिथेच आहे, त्याचं काही झालं नाही आणि ते व्हावं अशी अपेक्षाही नव्हती.

सावलीचं मात्र मी धरलंच नव्हतं. मला वाटलं होतं, भर दुपारी गोलाची सावली बरोबर त्याच्याखाली पडेल. डिसेंबरात ती चौदा-पंधरा फूट उत्तरेला पडली, थेट खाणीच्या भिंतीच्या दिशेनं. साहजिक आहे, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. शाळेत भूगोलाच्या बाई शून्य सावली दिवसाचा प्रयोग करतात, बाटली उन्हात ठेवून सावली नाहीशी झालेली दाखवतात. देवगडच्या अक्षांशावर तो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो. दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये, पण तेव्हा आमच्याकडे सूर्य दिसत नाही. म्हणजे वर्षातून एकच दुपार अशी, की खळ्याची सावली खळ्याच्या जागीच पडणार, फक्त तीन पुरुष खाली.

तोवर पेंढा टिकला नाही. बुलबुलांनी काड्या नेल्या, ते ठीक, पण केलडी, म्हणजे माकडं, सुंभावरून चालत मध्यापर्यंत गेली आणि झोका घ्यायला बसली. अर्धा गोल खाली. सुट्टी लागल्यावर पुन्हा दोर पिळला. तात्यांनी त्यांच्या उडवीतला पेंढा दिला आणि पिळायला बसलेही, म्हणजे मला शिकवायला बसले, कारण माझा पीळ उलटा पडत होता म्हणे.

त्या दिवशी खाणीत भट्टी पेटली होती. चारी बाजूंनी तांबडा दगड, वारा वरच्या वर जात होता. साडेबारा वाजत आले तशी गोलाची सावली भिंतीपासून दूर, खाणीच्या तळावर मधोमध येऊन बसली. सोळा सुंभांच्या सावल्या बाहेर पसरलेल्या. वरचा गोल समुद्रावरच्या वाऱ्यानं हलत होता म्हणून खालचाही हलत होता, एका जागी असा तो ठरतच नव्हता. मी टेपनं मध्य काढायचा प्रयत्न करत होते. तात्या सरळ आत जाऊन उभे राहिले. पायाशी बघितलं. स्वतःची सावली पायांखाली गेलेली.

"मेढ हंयसर," ते म्हणाले, आणि टाचेनं जागा दाबून दाखवली.

मी तिथे खडूनं खूण केली. टेपचा मध्य आणि तात्यांची टाच यांत वीतभराचा फरक होता. मी टेपपेक्षा टाच खरी धरली. सावली पाच-दहा मिनिटं तशी राहिली असेल, मग पूर्वेकडे सरकायला लागली, आणि आम्हीही उतारावरून वर आलो, कारण खाली थांबणं शक्यच नव्हतं. फोटो काढले आहेत, पण त्यांत ती एक गोल सावली आहे, बाकी काही नाही. ज्यांनी पाहिले त्यांना विहीर वाटली.

कुंभ्याच्या सावलीत बसून पाणी पिताना मी तात्यांना विचारलं, पुढच्या वर्षी पुन्हा बांधू या का. ते पहारींकडे बघत होते.

"बांधूया मगे," ते म्हणाले. "पण आता तां सुंभ काढतलंस तेव्हा माका दी. पडवळाच्या माटवाक होया. पाऊस लागाच्या आधी."

पेंढा नको म्हणाले. उन्हानं त्याचा कस गेलेला, म्हैस त्याला तोंड लावणार नव्हती.